रेग्युलर म्हणजे कुणासारखी?

न्यूयॉर्कमधल्या एखाद्या जुन्या वळणाच्या दुकानात ‘एक रेग्युलर कॉफी’ मागितली, तर दूध आणि साखर घातलेली कॉफी मिळते. साखर किती, हे कुणी विचारत बसत नाही. दोन चमचे, हे ठरलेलं. वर बोस्टनकडे गेलात तर ‘रेग्युलर’मध्ये साखर असतेच, पण दुधाऐवजी बहुधा क्रीम येतं. तिथून दूर, देशाच्या दुसऱ्या भागात हाच शब्द उच्चारला तर काळी कॉफी पुढ्यात येते, कारण तिकडे रेग्युलरचा अर्थ फक्त एवढाच की हिच्यातलं कॅफीन काढून टाकलेलं नाही. आणि काही साखळी दुकानांत रेग्युलर हे नुसतं मापाचं नाव आहे. लहान नको, मोठा नको, मधला पेला द्या.

देश एक, भाषा एक, चलन एक. तरी एका साध्या शब्दाचे तीन-चार अर्थ. गंमत अशी, की प्रत्येक ठिकाणच्या माणसाला आपलाच अर्थ उघड वाटतो. न्यूयॉर्कच्या दुकानदाराला तुम्ही विचारलंत, ‘रेग्युलर म्हणजे काय?’, तर तो समजतो की तुम्ही बाहेरचे आहात. प्रश्न कॉफीबद्दल होता, पण उत्तर तुमच्याबद्दल मिळालं.

या शब्दाबद्दल माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. ‘रेग्युलर’, ‘साधी’, ‘नेहमीची’ हे शब्द पेल्यातल्या पदार्थाचं वर्णन करत नाहीत. त्या गल्लीतल्या लोकांना कशाची सवय आहे आणि कुणाची सवय तिथे नियम झाली आहे, एवढंच ते सांगतात.

इटलीत तर ‘रेग्युलर’ म्हणायची सोयच नाही. तिथे ‘उन काफे’ म्हटलं की दोन घोटांची एस्प्रेसो मिळते आणि ती बहुतेक लोक काउंटरशी उभ्याउभ्या पिऊन निघून जातात. खुर्चीवर बसलात तर अनेक ठिकाणी त्याच कॉफीचे जास्त पैसे पडतात. कपुचिनो सकाळची. जेवणानंतर मागितली तर देतात, पण चेहरा वाचता येतो. आणि अमेरिकन सवयीने नुसतं ‘लात्ते’ म्हणणाऱ्याला कपभर दूध मिळतं, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध. नेपल्समध्ये मात्र एक सुंदर चाल आहे, ‘काफे सोस्पेसो’. आपली एक कॉफी प्यायची आणि दोनचे पैसे द्यायचे. दुसरी कॉफी नंतर येणाऱ्या एखाद्या गरजूची. तो कोण, कुठला, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही.

स्पेनमधल्या मालागा शहरात दुधाच्या प्रमाणावरून कॉफीला इतकी नावं आहेत की एका जुन्या कॅफेने ती भिंतीवरच्या टाइल्सवर चित्रांसह लावून ठेवली होती. निम्मी-निम्मी असेल तर ‘मितात’, थोडी कॉफी असेल तर ‘सोम्ब्रा’ म्हणजे सावली, अगदीच नावापुरती असेल तर ‘नूबे’ म्हणजे ढग. शेवटच्या चित्रात पेला रिकामा, आणि खाली लिहिलेलं, ‘मला देऊच नका’.

पण मला जास्त ओढ आहे ती तुर्की आणि इजिप्तकडची. याचं एक कारण भाषा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तुर्की कॉफीत साखर नंतर घालता येत नाही. बारीक दळलेली कॉफी, पाणी आणि साखर एकाच छोट्या दांड्याच्या भांड्यात एकत्र चढवतात. कॉफी पेल्यात ओतली की गाळ खाली बसतो. त्यानंतर चमचा घालून ढवळलं तर सगळा गाळ तोंडात येणार. म्हणून साखरेचं आधीच बोलावं लागतं. ‘सादे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘आझ शेकेरली’ म्हणजे कमी साखरेची, ‘ओर्ता’ म्हणजे मध्यम, आणि ‘शेकेरली’ म्हणजे गोड. शेकेर म्हणजे आपली शक्कर, हे सांगायला नको. फारसीतला ‘सादा’ तुर्कीत जाऊन ‘सादे’ झाला. तोच उर्दू-हिंदीत आला, आणि आपल्या ‘साध्या’शी त्याचं नातं कानालाच कळतं.

कैरोत हीच यादी आणखी घरची वाटते. तिथे बिनसाखरेची ‘सादा’, किंचित गोड ती ‘अरीहा’, जास्त साखरेची ‘झियादा’. झियादा म्हणजे आपला ‘जादा’. आणि मधली, ना कमी ना जास्त, ती ‘मजबूत’. मराठी माणूस मजबूत म्हणेल तेव्हा त्याच्या मनात कडक, दणकट कॉफी असेल. अरबीत मात्र मजबूत म्हणजे नेमकं, बरोबर, मापात बसलेलं. शब्द तिकडून इकडे येताना ताकद घेऊन आला आणि अचूकपणा तिकडेच राहिला. म्हणजे इजिप्तमधली ‘रेग्युलर’ कॉफी शोधायची तर ती मजबूत असावी, असं वाटतं. पण तिथेही दुकानदार स्वतःहून ती गृहीत धरत नाही. तुम्हाला सांगावंच लागतं. ‘सादा’ कॉफीला तर आणखी एक अर्थ आहे. मयताच्या घरी, शोकसभेत तीच देतात. एरवी गोड पिणारा माणूसही तिथे बिनसाखरेचा पेला हातात घेतो.

या पद्धतीत मला आवडणारी गोष्ट एकच आहे. कॉफी करण्याच्या कृतीमुळे विचारणं भाग पडलं, आणि त्यातून पाहुण्याला विचारायची रीत तयार झाली. ‘तुमची कशी?’ या प्रश्नात कुणीच परका ठरत नाही, कारण रोज येणाऱ्यालाही तो एकदा विचारलेलाच असतो.

अर्थात तुर्कीलाच सगळं श्रेय देऊन चालणार नाही. तीच कॉफी, तसंच भांडं, तोच गाळ घेऊन ग्रीक लोक पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. तेही साखर आधीच सांगतात. ‘स्केतो’, ‘मेत्रियो’, ‘ग्लिको’. ग्रीसमध्ये तिला एकेकाळी तुर्की कॉफीच म्हणत. 1974 साली तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरलं आणि त्यानंतर ‘ग्रीक कॉफी’ हे नाव पक्कं झालं. आज अथेन्समध्ये तुर्की कॉफी मागणं म्हणजे फुकटचा वाद ओढवून घेणं. पेल्यात काहीही बदललं नाही. फक्त मागणाऱ्याने कुठल्या बाजूचं असावं, हे बदललं.

आखाती देशांत पारंपरिक कहवा मागवायचाच नसतो. कोकणातल्या मुसलमान घरांना हे वेगळं सांगायला नको. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांतून दोन-तीन पिढ्या कुवेत, सौदी, दुबई करत आल्या आहेत. वेलचीचा, फिकट रंगाचा, बिनसाखरेचा कहवा चोचीच्या ‘दल्ला’तून छोट्या ‘फिंजान’मध्ये येतो. सोबत खजूर. पेला काठोकाठ भरणं असभ्य मानतात, म्हणून तळाशी थोडाच ओततात आणि पुन्हापुन्हा ओततात. पाहुण्याकडे निवड एकच, थांबायची. फिंजान हलकेच हलवला की पुरे झालं असा अर्थ. इथे सगळं यजमान ठरवतो, पण पाहुण्याला गोंधळात टाकत नाही.

रस्त्यावरचं आखात मात्र कहव्यावर चालत नाही, ‘करक’वर चालतं. आटवलेल्या दुधाचा, वेलचीचा, उकळून गडद केलेला चहा. करक म्हणजे आपला ‘कडक’. हा चहा आपल्या उपखंडातून गेलेल्या कामगारांनी नेला, तो करणारे हात आजही मुख्यतः मल्याळी, आणि पिणारा गाडीत बसलेला स्थानिक अरब. गाडीचा हॉर्न वाजतो, पोऱ्या धावत जातो, हात वर करून बोटांनी आकडा सांगितला जातो. दोहा-दुबईचा ‘नेहमीचा’ चहा आता हाच आहे. तो करणारा माणूस तीस वर्षं तिथे राहिला तरी एक दिवस व्हिसा संपवून परत येतो. त्याचा चहा तिथला झाला, तो झाला नाही.

न्यूयॉर्कच्या रेग्युलरकडे परत जायचं ते यासाठीच. त्या शहराच्या कॉफीची ओळख म्हणजे निळा-पांढरा कागदी कप. त्यावर ग्रीक वळणाची अक्षरं आणि ‘आपल्या सेवेत आनंद आहे’ अशा अर्थाचा मजकूर. 1963 साली हा कप लेस्ली बक नावाच्या माणसाने काढला. तो चेकोस्लोव्हाकियातून आलेला, नाझी छळछावण्यांतून वाचलेला ज्यू. त्या काळी शहरातली खानावळी-दुकानं मोठ्या प्रमाणात ग्रीक लोकांची, म्हणून त्यांना आपलासा वाटेल असा कप केला. पुढे हातगाड्या अफगाण आणि इजिप्शियन लोकांकडे आल्या. आणि कोपऱ्यावरची ‘बोडेगा’, म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं असणारं किराणा-कम-नाश्त्याचं दुकान, तिथे आज गल्ल्यावर अनेकदा येमेनी माणूस असतो. पंधराव्या शतकात रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला कॉफी पिणारे सूफी येमेनचेच. मोखा बंदरही येमेनचंच. पण न्यूयॉर्कचा येमेनी हा इतिहास सांगत बसत नाही. तो दूध आणि दोन चमचे साखर घालतो, झाकण लावतो, सुटे पैसे परत करतो.

27 जानेवारी 2017 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सात मुस्लीमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत यायला बंदी घालणाऱ्या आदेशावर सही केली. त्या सात देशांत येमेन होता. कुणाची बायको-मुलं व्हिसाच्या रांगेत होती, कुणाचे आईवडील परतीच्या प्रवासात. 2 फेब्रुवारीला दुपारी 12 ते रात्री 8 या वेळात न्यूयॉर्कमधल्या सुमारे हजार येमेनी दुकानदारांनी बोडेगा बंद ठेवल्या. ब्रुकलीनच्या बरो हॉलसमोर माणसं जमली, तिथेच रस्त्यावर नमाज झाली, अमेरिकेचे झेंडे हातात होते. एरवी वर्षाचे 365 दिवस उघडी असणारी दुकानं. शटर खाली आल्यावर पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की आपली रेग्युलर कॉफी रोज देणारा माणूस नेमका कुठला आहे.

या बंदकडे मी नुसता निषेध म्हणून बघत नाही. त्या आठ तासांत शहराला त्याच्या ‘रेग्युलर’चा हिशेब दिसला. आदेश काढणाऱ्याच्या नकाशात येमेनी हा धोका होता आणि गल्लीच्या सवयीत तोच येमेनी सकाळचा पहिला चेहरा होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, हीच तर अडचण.

ऑस्ट्रेलियात याची उलट बाजू दिसते, आणि ती थोडी दिलासा देणारी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे इटालियन आणि ग्रीक स्थलांतरित मोठ्या संख्येने गेले. देशाचं धोरण तेव्हा गोऱ्यांचंच, तेही शक्यतो ब्रिटिश वळणाच्या गोऱ्यांचं. या लोकांच्या लसणाच्या वासावरून टोमणे मारले जात. त्यांनी एस्प्रेसोची यंत्रं आणली, मेलबर्नमध्ये बार उघडले. 1954 साली सुरू झालेला पेलेग्रिनीज अजून चालू आहे. आज ऑस्ट्रेलियात ‘एक कॉफी’ असं मागून भागत नाही. फ्लॅट व्हाइट, लाँग ब्लॅक, शॉर्ट ब्लॅक, काहीतरी नाव घ्यावं लागतं. हे बाहेरच्यांचं पेय तिथे इतकं घरचं झालं की 2000 साली आलेल्या स्टारबक्सला 2008 मध्ये 61 दुकानं बंद करावी लागली. आता तिथे परकी ठरते ती अमेरिकन कॉफी.

आणि आपल्याकडे? कर्नाटकात कॉफी म्हटलं की दूध-साखर आलीच. बंगळुरूत दोघांनी ‘बाय टू’ मागायची, एक कॉफी दोन पेल्यांत. तमिळनाडूत डबरा-टंबलरमधली फेसाळ फिल्टर. केरळात ‘विदाउट’ एवढंच म्हटलं तरी साखर नको हे कळतं; इंग्रजी शब्दाचं निम्मं वाक्य कापून तिथल्या लोकांनी आपली सोय केली. महाराष्ट्रात घरची कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ किसून घातलेली, जमलं तर वेलची. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला बुंददाणा म्हणत. हा शब्द अरबी ‘बुन’चा भाऊबंद, इथिओपियात कॉफीला आजही ‘बुना’च म्हणतात. चिकमगळूरच्या डोंगरात पहिलं बी आणून लावल्याची कथा बाबा बुडन यांच्या नावावर आहे आणि त्या डोंगराला त्यांचंच नाव आहे. हे बी मक्केहून येताना आणलं, सात दाणे होते, असं सांगतात. कथाच ती. पण आज त्या जागेची बातमी येते ती कॉफीची नसते. दर्गा की दत्तपीठ, या कज्ज्याची असते. शतकानुशतकं दोन्हीकडचे लोक एकाच गुहेत जात होते. आता त्यातला ‘नेहमीचा’ भाविक कोण, हे कोर्टात ठरवावं लागतं.

आपल्या रोजच्या भाषेत ‘रेग्युलर’ कसं लपलेलं असतं, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे ‘नॉनव्हेज’. या देशातले बहुसंख्य लोक कधी ना कधी मटण, मासे, अंडी यांपैकी काहीतरी खातात. पण त्यांच्या जेवणाला स्वतःचं नाव नाही. ते ‘नसलेलं’ जेवण आहे. मेन्यूकार्ड उघडलं की मूळ जेवण एक आणि उरलेलं सगळं ‘नॉन’. हा शब्द आम्ही मुसलमानसुद्धा बिनदिक्कत वापरतो, दस्तरखानावर बिर्याणी समोर ठेवून वापरतो.

माणसांचंही असंच होतं. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता!’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या मुसलमानाला आयुष्यात किती वेळा ऐकावं लागतं, त्याची मोजदाद नाही. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून रागावताही येत नाही. पण वाक्याच्या पोटात काय आहे? मराठी माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं एक ठरलेलं चित्र आहे, त्यात तुम्ही नव्हता, आणि तरी तुम्हाला ही भाषा येते, याचं आश्चर्य. ज्याच्या आजीने अंगाई मराठीत किंवा कोकणीत म्हटली त्याला हे कौतुक कुठे ठेवावं ते कळत नाही. वर्तमानपत्रंही ‘मराठी मतदार आणि मुस्लीम मतदार’ असं सहज लिहून जातात, जणू या दोन वर्तुळांचा कुठेच छेद नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्या आवाजाने मैदानं पेटवली, तो शाहीर अमर शेख यांचा होता. 1 मे 1960 ला जे राज्य झालं, ते मागणाऱ्यांतला तो एक बुलंद आवाज.

आणि हे एकाच बाजूने होतं असंही नाही. आमच्यातही एक ‘रेग्युलर मुसलमान’ ठरलेला आहे. त्याला उर्दू यावी, त्याच्या लग्नात अमुकच पदार्थ असावेत, त्याने अमुकच लहेजात बोलावं. मराठीत लिहिणाऱ्याला ‘उर्दूत का नाही लिहीत?’ हा प्रश्न घरच्या माणसांकडूनच येतो. चिपळूणच्या, लातूरच्या, कोल्हापूरच्या मुसलमानाची बोली वेगळी, ताट वेगळं, पण लखनौच्या साच्यात बसत नाही म्हणून त्याला अर्धाकच्चा समजायचं, हीदेखील न विचारता दोन चमचे साखर घालण्याचीच पद्धत आहे.

मग काय, प्रत्येकाने आपापली कॉफी वेगळी सांगत बसायचं? हो, मला त्यात काही वावगं दिसत नाही. विचारायला वेळ जातो, हे मान्य. पण सिंगापूरच्या कोपीटियममध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या कॉफीच्या दुकानात, हे काम किती झटपट होतं ते बघण्यासारखं आहे. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी. ‘कोपी ओ’ म्हणजे दुधाशिवाय, साखरेसह. ‘कोपी सी’ म्हणजे आटवलेल्या, गोड नसलेल्या दुधाची. साखर नको असेल तर ‘कोसोंग’, कमी हवी असेल तर ‘सिउ दाइ’, दाट हवी असेल तर ‘गाउ’, बर्फ हवा असेल तर ‘पेंग’. यात ‘कोपी’ आणि ‘कोसोंग’ मलय, ‘ओ’ आणि ‘पेंग’ होक्कियन चिनी. दुकानाच्या नावातही ‘कोपी’ मलय आणि ‘टियम’ चिनी. तिथल्या भारतीय मुसलमानांच्या चहाच्या टपऱ्यांना ‘सराबात स्टॉल’ म्हणत आले आहेत. हे आपलं सरबत, अरबीतून फिरत तिकडे पोहोचलेलं.

सिंगापूर म्हणजे काही स्वर्ग नाही. तिथल्या ओळखपत्रावर माणसाचा वंश छापलेला असतो आणि सरकारी घरांच्या वाटपातही वंशाचं प्रमाण ठरलेलं असतं. पण काउंटरवरची ही बोली सरकारने केलेली नाही. चिनी दुकानदार, मलय ड्रायव्हर, तमिळ कारकून यांनी एकमेकांचे शब्द उसने घेऊन ती केली. तिच्यात कुणालाही आपली कॉफी पूर्ण वाक्य न बोलता सांगता येते. सकाळच्या गर्दीत तमिळ गिऱ्हाईक ‘कोपी ओ कोसोंग पेंग’ म्हणतं, चिनी म्हातारा मान वर न करता ते आत ओरडून सांगतो, आणि उलट एकच प्रश्न विचारतो. इथेच पिणार, की ‘दाबाओ’? म्हणजे पार्सल.